उपासाची सिगारेट

मॉरिसव्हिल, नॉर्थ कॅरोलायना
रविवार, ९ मार्च २०२५

ती. आत्या,
नमस्कार.

मागच्या पत्रातलं एक वाक्य चूक आहे, ते आधी दुरुस्त करते. मी लिहिलं होतं, 'हॉस्पिटलला तारीख मिळत नाही, म्हणून ऑपरेशन पुढे गेलं.' तसं नाही. तारीख मिळाली होती, एप्रिलची. बाबांना माझी किडनी बसवायला डॉक्टर तयार होते. तारीख रद्द झाली ती माझ्या रक्ताच्या एका रिपोर्टमुळे. त्यात एक गोष्ट असायला नको तेवढी आहे. ती खाली आली की पुन्हा तपासतील. मला आजार कसलाही नाही. याहून जास्त आज लिहवत नाही.

तू म्हणशील, फोन करायचा होतास. फोनवर मी पटकन खोटं बोलते, आत्या. कागदावर हात थांबतो. ती बाबांच्या शाळेची सवय. पाचवीपर्यंत त्यांनी मला घरी शिकवलं. रात्री ऑफिसचं काम करायचे आणि दिवसा माझ्यासमोर बसायचे. मराठीचा धडा म्हणजे दर रविवारी तुला एक पत्र. चूक झाली तर खोडरबर मिळायचं नाही. एक रेघ मारायची आणि वर बरोबर लिहायचं. 'खालचं दिसलं पाहिजे आशू, नाहीतर ती दुरुस्ती नव्हे, सारवासारव.' म्हणून हे पत्र.

गेल्या आठवड्यात एडिसनला जाऊन आले. आई ओक ट्री रोडवर भाजी घ्यायला उतरली, बाबा गाडीतच बसले. मी म्हटलं, "चला ना, तेवढीच चार पावलं होतील." तर म्हणाले, "बटाटा बंद, टोमॅटो बंद, केळं बंद, संत्रं बंद. दुकानात जाऊन मी काय त्यांना ओळख दाखवू?" मग स्वतःच हसले. डायलिसिसच्या दुसऱ्या दिवशी ते बरे असतात. तिसऱ्या दिवशी पायावर सूज येते आणि बोलणं कमी होतं. पाणी ते घोट घोट मोजूनच पितात.

ऑपरेशन माझ्यामुळे पुढे गेलं हे त्यांना माहीत नाही. दात्याच्या तपासणीतलं काही हॉस्पिटल रुग्णाला सांगत नाही, इथला नियमच आहे. तूही सांगू नकोस.

काकांना नमस्कार. निमिषला विचारलं म्हणून सांग.

तुझी,
आश्लेषा


फ्रीमाँट, कॅलिफोर्निया
१८ मार्च

चि. आशू,

तुझं पत्र दोनदा वाचलं. जे लिहिलं आहेस ते वाचलं, आणि जे लिहिलं नाहीस तेही वाचलं. आत्या आहे मी तुझी, तुझी रविवारची पत्रं लाल पेनाने तपासून परत पाठवलीत. कुठे हात अडखळला ते मला कळतं.

तुला माझी मैत्रीण मंजुषा आठवते का, गणपतीत आरतीला सगळ्यांच्या पुढे सुटणारी? ती भावाला किडनी द्यायला निघाली होती. सगळं जुळलं, आणि ऐन वेळी तिने कच खाल्ली. दोन लहान मुलं, नवरा फिरतीवर. इथले हॉस्पिटलवाले देणाऱ्याला एकटीला खोलीत बसवून विचारतात म्हणे, मनापासून देते आहेस ना? नाही म्हटलं तर ते कुणाला कारण सांगत नाहीत. 'तपासणीत बसत नाही' एवढंच घरच्यांना कळतं. तिच्या भावाला आजही वाटतं की बहिणीच्या रक्तात काहीतरी कमी-जास्त होतं. आणि तेच बरं आहे. दोघं अजून एकमेकांच्या घरी जेवतात.

तेव्हा 'रिपोर्टमध्ये एक गोष्ट' म्हणजे काय, ते मला समजलं. मला कारण देत बसू नकोस. सत्तावीस वर्षांची मुलगी, लग्न व्हायचंय, पुढे मुलं व्हायचीत. पोट कापून घ्यायचं म्हणजे काय चेष्टा आहे? मी तुझ्या जागी असते तर पहिल्याच भेटीत पळून आले असते. दादा तुझा बाप असला तरी आधी माझा भाऊ आहे, त्याला कसं सांगायचं ते मला माहीत आहे. तू त्या ओझ्याखाली झोप घालवू नकोस.

इकडे ठीक. निमिषने सिगारेट सोडल्याला आता वर्ष होईल. ते पेनसारखं यंत्र ओढतो. घरभर आंब्याचा वास. तुझे काका म्हणतात, "मुलगा आहे की आमरसाची वाटी?" पण मी हात जोडते त्या यंत्राला. पाकीटच्या पाकीट फुंकायचा, पहाटे खोकून खोकून निळा व्हायचा. तो खोकला गेला.

पाडव्याला काहीतरी गोड कर. एकटी असलीस तरी.

तुझी आत्या


मॉरिसव्हिल
पाडवा, ३० मार्च

ती. आत्या,

तुझं पत्र मला उशिरा मिळालं, मी कामासाठी बाहेर होते. मिळाल्या मिळाल्या मेसेज केला, 'बाबांशी काही बोलू नकोस, पत्र पाठवते.' तू अंगठा पाठवलास म्हणून जिवात जीव आला.

मी घाबरलेली नाही, आत्या. मंजुषामावशींचं मी समजू शकते, पण मला ते लागू नाही. मला त्या खोलीत बसवून विचारलं तेव्हा मी एका दमात हो म्हटलं. रिपोर्ट खरा आहे. माझ्या रक्तात निकोटिन आहे.

आता सगळं क्रमाने लिहिते.

मी सिगारेट ओढत होते. ऑफिसात राधिका म्हणून मैत्रीण आहे, नागपूरची. दुपारी ती खाली पार्किंगमध्ये जायची, मी सोबत जायचे. आधी सोबत, मग एक झुरका, मग माझी वेगळी. दिवसाला दोन, कधी तीन. शनिवार-रविवारी बहुतेक नाहीच. एडिसनला गेले की मुळीच नाही. हे मी कमी करून सांगत नाही.

बाबांचं डायलिसिस सुरू झालं आणि किडनीचा विषय निघाला, तेव्हा ठरवलं की सोडायची. दिवाळीत तुमच्याकडे आले होते ना, तेव्हा गराजमध्ये निमिषला विचारलं. तो फराळाचे डबे गाडीत भरत होता.

"तू ओढतेस? तू?" म्हणून तो इतका हसला की चकलीचा डबा सांडायचा राहिला. "मामाला कळलं तर तुला पुन्हा पहिलीत बसवेल."

"कशी सोडलीस ते सांग."

"यार, नुसत्या निश्चयाने कुणी सोडत नाही. मी चारदा करून बघितलं. हे घे, माझ्याकडे एक जास्तीचं आहे. हे लागतंच."

"यात पण निकोटिन असतं ना?"

"असतं की. पण धूर नाही. माणूस मरतो तो धुराने."

तो खोटं बोलला नाही. त्याचं त्याने सांगितलं. पण मी एकदाही विचारलं नाही, की पाकीटभर ओढणाऱ्याला जे लागलं ते दोन ओढणाऱ्याला कशाला लागेल? तेव्हा मला वाटलं, सिगारेट सोडायची म्हणजे तिच्या जागी काहीतरी घ्यायचंच असतं. आपल्याकडे उपासाला कुणी उपाशी थोडंच राहतं? भात चालत नाही, भगर चालते. पोळी चालत नाही, साबुदाणा चालतो. लहानपणापासून माझ्या डोक्यात प्रत्येक पदार्थावर 'चालतं' आणि 'चालत नाही' अशा चिठ्ठ्या लागलेल्या आहेत. मी सिगारेटवर 'चालत नाही' लावली, यंत्रावर 'चालतं' लावली, आणि दुसऱ्या दिवसापासून एकही सिगारेट ओढली नाही. मला वाटलं, मी सोडली. राधिकाला पेढे दिले.

आणि मग एकादशी दुप्पट खाशी.

सिगारेटसाठी कोट चढवायचा, खाली जायचं, थंडीत कुडकुडायचं, परत येऊन हात धुवायचे. तेवढ्या कटकटीनेच ती दोन-तीनवर थांबायची. शिवाय सिगारेट संपते. हे संपत नाही. मीटिंगमध्ये कॅमेरा बंद केला की ओढते. सिग्नलला गाडी थांबली की ओढते. सकाळी दात घासायच्या आधी ओढते, आणि हे मी सिगारेटच्या दिवसांत कधीही केलं नव्हतं. चार्ज संपत आला तर छातीत धडधडतं. फेब्रुवारीत सिनेमाला गेले आणि ते घरी राहिलं. अर्ध्यातूनच उठून घरी आले.

हॉस्पिटलच्या कोऑर्डिनेटर बाईने विचारलं होतं, "सिगारेट ओढता?" मी म्हटलं, "नाही. नोव्हेंबरपासून एकही नाही." ते खरं होतं. मी इतकं खरं बोलले, आत्या, की मला अभिमान वाटला. मग रक्ताची तपासणी आली. त्या बाईने फोनवर शांतपणे सांगितलं, "तुम्ही खोटं बोललात असं मी म्हणत नाही. पण आमच्या सर्जनना निकोटिन कुठल्याच रूपात नको. ते पूर्ण थांबवा, पुन्हा तपासू, स्वच्छ आलं तर तारीख." रक्तवाहिन्या आकसतात, जखम भरत नाही, असं काहीतरी कारण आहे. त्यांनीच मला एका समुपदेशक बाईचा नंबर दिला. तिने पहिलाच प्रश्न विचारला की रोज किती ओढत होता. मी सांगितलं. ती म्हणाली, "तुमच्यासारखे थोडं ओढणारे, त्यांना याची गरज असते का, हे आम्हालाच नीट माहीत नाही. जो काही अभ्यास झालाय तो बराचसा जास्त ओढणाऱ्यांवर. मला विचारलं असतंत तर मी आधी तसंच सोडून बघा म्हटलं असतं."

विचारलं असतं तर.

बाबांना हे कळता कामा नये. आण्णा आजोबांचं मला आईकडून माहीत आहे. विड्यांनी घसा गेला आणि बाबा कॉलेज सोडून सहा महिने त्यांना नळीतून भरवत होते. आजही रस्त्यात कुणी ओढताना दिसलं की बाबा काही बोलत नाहीत, नुसते पलीकडच्या फुटपाथवर जातात. मीही पलीकडची झाले तर?

मी हे सोडते आणि मग सगळं आपोआप बरोबर होईल. तोवर तू गप्प राहा.

आश्लेषा


फ्रीमाँट
१२ एप्रिल

आशू,

तुझा मेसेज आला त्याच्या आदल्या दिवशीच मी दादाशी बोलले होते. अंगठा पाठवला, कारण दुसरं काय पाठवावं ते सुचलं नाही. वाटलं, सांगून झालंय, आता तुला कशाला टोचणी.

मी त्याला एवढंच म्हटलं, की पोर घाबरली आहे, तिला तोंडाने नाही म्हणता येत नाहीये, तू तिला मोकळी कर. तो म्हणाला, "सुलू, बरं केलंस सांगितलंस. मला आधी कळायला हवं होतं." त्याच्या पुढच्या सोमवारी त्याने हॉस्पिटलला कळवलं की मुलीची किडनी मी घेणार नाही, तिचं नाव काढा. वहिनीला सांगितलेलं नाही. मला परवा सांगितलं, आणि इतक्या हलक्या आवाजात, जणू वर्तमानपत्र बंद केलं.

आता तो मेलेल्या दात्याच्या किडनीची वाट बघणाऱ्यांच्या यादीत आहे. ती यादी किती वर्षांची असते ते तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत.

तुझं पत्र वाचून आधी निमिषवर ओरडले. जेवता जेवता उठला तो. म्हणाला, "मम्मी, मला त्याने वाचवलं. मी तिचं वाईट करायला दिलं का?" खरं आहे ते. त्याचा खोकला गेला हेही खरं आणि तुझा रिपोर्ट बिघडला हेही खरं. मी कुणाच्या नावाने बोटं मोडू? मग स्वतःच्या नावाने मोडली. शहाणी मी! न लिहिलेलं वाचायला गेले.

आता नीट ऐक. झालं ते झालं. दादाला सिगारेटचं सांगू नकोस. घाबरण्यात लाज नाही, तो तुला घाबरट समजला तर दोन दिवस वाईट वाटून घेईल आणि पुन्हा जवळ घेईल. पण ते दुसरं त्याला सहन होणार नाही. तू ते यंत्र टाक. रिपोर्ट स्वच्छ आण. मग मी त्याला सांगते की आशूने हिंमत केली, पुन्हा तयार झाली. कुणाचं काही जात नाही. झाकली मूठ.

आत्या


मॉरिसव्हिल
४ मे

ती. आत्या,

तुझ्या सांगण्याप्रमाणे वागून बघितलं. आधी रिपोर्ट, मग बोलणं. यंत्र एका सोमवारी कचऱ्यात टाकलं. मंगळवारी राधिकाकडून सिगारेट घेतली, मग आणखी एक घेतली, आणि घरी येताना पेट्रोल पंपावरून तसलंच नवं यंत्र विकत आणलं. त्या दिवशी माझ्याकडे दोन्ही होतं. जुन्या दिवसांत मी दोन ओढून जिना चढायचे आणि विसरून जायचे. आता विसरायला होत नाही. हे मला कुणी सांगितलं नव्हतं, की औषध म्हणून घेतलेल्याचंही व्यसन वेगळं सोडवावं लागतं.

गेल्या शनिवारी एडिसनला गेले. बाबांनी मला 'बसा' म्हटलं नाही एवढंच, बाकी पाहुण्यासारखं वागवलं. "चहा घेणार? प्रवासात त्रास नाही ना झाला? काम कसं चाललंय?" आई स्वयंपाकघरात गेल्यावर खुर्ची जवळ ओढून म्हणाले, "आशू, किडनीचं बोलायचं नाही. मीच विचारायला नको होतं. बापाने मागितलं की लेकीला नाही म्हणता येत नाही, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं."

मी म्हटलं, "बाबा, तसं नाही ते."

"घाबरणं ही चूक नव्हे," ते म्हणाले. "तुला पोहायला शिकवताना मी ढकललं होतं. आठवतं? तेव्हा तू तीन दिवस बोलली नव्हतीस. माणसाने एकाच माणसाला दोनदा ढकलू नये."

माझं तोंड उघडलं होतं. शब्द ओठांवर होते. तेवढ्यात आई त्यांचा मोजलेला पाण्याचा पेला घेऊन आली आणि बाबांनी विषय बदलला. मग ते खुर्चीतच झोपले. त्यांचा हात बघितलास का अलीकडे? जिथे सुया टोचतात तिथे दोरखंडासारखी गाठ आली आहे आणि हात ठेवला की आत घरघर लागते. मी थोडा वेळ त्यावर हात ठेवून बसले. मग उठले, बाथरूमचा पंखा लावला आणि आत उभी राहून ओढलं. त्यांच्या घरात, त्यांच्या झोपेत.

ते मला क्षमा करताहेत, आत्या. जे मी केलं नाही त्याबद्दल. आणि जे केलंय त्याचा त्यांना पत्ता नाही. तुझी झाकली मूठ मला सोसवत नाही. पण उघडायचीही ताकद नाही.

आश्लेषा


एडिसन, न्यू जर्सी
१७ मे

आशू,

वहिनीने तुला फोनवर 'थोडा ताप आहे, दोन दिवस ठेवून घेतलंय' असं सांगितलं. मी बुधवारी इथे आले. थोडा ताप नाही. हातावरची ती जागा बंद पडली म्हणून डॉक्टरांनी मानेत नळी घातली होती, तिच्यातून रक्तात जंतू गेले. दोन दिवस तो माणसं ओळखत नव्हता. मला 'आई' म्हणत होता. आता उतार आहे. औषध शिरेतून चालू आहे, येत्या ३० तारखेला, शुक्रवारी, घरी सोडतील असं म्हणतात. तू लगेच येऊ नकोस, इथे एका वेळी एकालाच आत सोडतात आणि वहिनी जागची हलत नाही.

खरं लिहायचं कारण वेगळंच आहे. काल वहिनी अंघोळीला घरी गेली, मी त्याच्याजवळ होते. किडनीच्या डॉक्टर आल्या. दादाने त्यांना इंग्रजीत विचारलं, अगदी हवापाणी विचारावं तसं, की मी मशीन बंद करायचं म्हटलं तर पुढे किती दिवस असतात आणि त्रास होतो का? त्या म्हणाल्या, घाई नको, घरी गेल्यावर सोमवारी, २ जूनला, क्लिनिकमध्ये या, बसून बोलू. त्या गेल्यावर मी त्याच्यावर तुटून पडले.

"वेडा झालास का तू?"

"हिशेब केला," म्हणाला. "पुढे काही दिसत असतं तर मशीनवर पाच वर्षं काढली असती. आता ती कशासाठी काढायची? तुझ्या वहिनीने रोज माझं पाणी मोजायचं, आणि आशूने दर वेळी माझ्याकडे चोरासारखं बघायचं? ती माझ्याकडे बघू शकत नाही, सुलू. मी असेपर्यंत तिला बघता येणार नाही."

मला ठाऊक होतं तू का बघू शकत नाहीस. जिभेवर आलं होतं. पण मागच्या वेळी तुझ्या वतीने बोलून मी काय केलं ते समोर पलंगावर पडलेलं होतं. म्हणून गप्प बसले. पुन्हा चूक केली की काय, तेही कळत नाही.

मूठ झाक असं मीच म्हटलं होतं. आता काही म्हणत नाही. तुला काय करायचं ते तू ठरव, पण २ तारीख ध्यानात ठेव.

आत्या


मॉरिसव्हिल
रविवार, २५ मे

ती. आत्या,

तुझं पत्र मंगळवारी आलं. त्या दिवशी काहीच केलं नाही. बुधवारी समुपदेशक बाईला फोन केला आणि पहिल्यांदाच सगळं सांगितलं. बाबांचंसुद्धा.

तिने विचारलं, "नोव्हेंबरच्या आधी, सिगारेटशिवाय तुम्ही सगळ्यात जास्त किती दिवस राहिला होतात?"

मी आठवून म्हटलं, "नागपूरला राधिकाच्या बहिणीच्या लग्नाला गेले होते, तेव्हा जवळजवळ तीन आठवडे."

"कसं जमलं?"

"जमवलं नाही. लक्षातच आलं नाही."

मग मीच म्हटलं, की म्हणजे मला तेव्हा हे यंत्र लागतच नव्हतं. ती म्हणाली, "कदाचित. पण तो प्रश्न आता संपला. आज तुम्हाला मदत लागणार आहे." ती रोज संध्याकाळी फोन करणार आहे. निकोटिनची पट्टी किंवा च्युइंगम घेता येणार नाही, कारण तेही रक्तात दिसतं. पहिले काही दिवस वाईट जातील, झोप लागणार नाही, चिडचिड होईल, असं तिने लपवून न ठेवता सांगितलं. नोव्हेंबरमध्ये मी ज्याच्याशिवाय सहज राहू शकले असते, त्याच्याशिवाय राहायला आता मला कुणाचा तरी हात धरावा लागतोय.

गुरुवारी कोऑर्डिनेटर बाईला विचारलं, की वडिलांनी नाव काढलंय, ते पुन्हा घालता येतं का? ती म्हणाली, रुग्णाने स्वतः सांगितलं तर येतं. मग माझा रिपोर्ट स्वच्छ यायला हवा, मग त्यांच्या रक्तातला संसर्ग पूर्ण जायला हवा, मग सगळ्या तपासण्या पहिल्यापासून. लवकरात लवकर म्हटलं तरी शरद ऋतू उजाडेल. आणि ती म्हणाली, "मी कसलंच वचन देऊ शकत नाही." तेव्हा मी बाबांना काही आश्वासन द्यायला जाणार नाही. माझी किडनी त्यांना मिळेलच असं मला सांगता येणार नाही. ते मशीन बंद करणारच असतील, तर मी अडवूही शकणार नाही. पण ते माझ्या भीतीपायी बंद करणार असतील, तर ती भीती कधी नव्हतीच. खोट्या कारणासाठी मी त्यांना जाऊ देणार नाही. खऱ्या कारणाने माझा तिरस्कार केला तरी चालेल. पलीकडच्या फुटपाथवर गेले तरी चालेल. ते चालताना मला दिसले तरी पुरे.

तू माझ्या वतीने काही बोलू नकोस. आईलाही नको. निमिषला मात्र सांग की मी त्याच्यावर रागावलेली नाही. त्याचा खोकला गेला याचा मला खरंच आनंद आहे. आणि कुणी त्याला पुन्हा 'कशी सोडलीस' असं विचारलं, तर आधी 'तू किती ओढतोस' एवढं उलट विचार म्हणावं.

समुपदेशक बाई म्हणाली, सोडायची तारीख ठरवा, आणि ज्याच्यापासून लपवणं तुम्हाला सगळ्यात सोपं जातं अशा एका माणसाला ती सांगा. माणूस ठरवायला वेळ लागला नाही. बाबा शुक्रवारी घरी येतील. मी दुसऱ्या दिवशी पहिल्या विमानाने नेवार्कला उतरणार आहे, खिशात काही न घेता. आई त्यांना अंघोळ घालून खुर्चीत बसवेल, त्यानंतर दार लावून घेऊन मी सांगणार आहे.

शनिवारी, ३१ मे रोजी.

आश्लेषा